जॅक लेमनच्या हातातले खुळखुळे: कॉमेडी सिनेमा लिहिणारा आणि बसवणारा माणूस करतो काय

कॉलेजात असताना आम्ही एक विनोदी एकांकिका बसवली होती. तालमीत रोज हसून हसून पोट दुखायचं, आणि प्रयोगाच्या दिवशी तिसऱ्याच मिनिटाला एका वाक्यावर असा काही हशा आला की पुढचं वाक्य पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू गेलं नाही. आणि नेमकं त्या पुढच्या वाक्यात घरमालक आज रात्री येणार आहे हे सांगितलेलं होतं. ते न कळल्यामुळे नंतर मालक दारात उभा राहिला तेव्हा प्रेक्षक नुसते बघत बसले, हा कोण आणि सगळे एवढे घाबरले का, कोणालाच कळेना. एका मोठ्या हशाने पुढचे पाच छोटे हशे खाल्ले. तेव्हापासून माझ्या डोक्यात हे पक्कं बसलंय की कॉमेडीत हसू आणणं हे अर्धंच काम, आलेल्या हशाला जागा करून देणं हे उरलेलं अर्धं.

नाटकात याला उपाय असतो. मुरलेला नट हशा चढायला लागला की थांबतो, तो उतरायला लागला की बरोबर त्या क्षणी पुढचं वाक्य टाकतो, रोज वेगळा प्रेक्षक, रोज वेगळा पॉझ. सिनेमात काय करणार? शूटिंग झालं, एडिटिंग झालं, सिनेमा लागला, आता पडद्यावरचा नट कोणासाठी थांबणार नाही. पुण्यातलं फुल्ल थिएटर आणि दुपारच्या शोला आलेले अकरा लोक, दोघांनाही तोच सिनेमा त्याच वेगाने दिसणार. म्हणजे कुठे किती हसतील याचा अंदाज दिग्दर्शकाला कित्येक महिने आधी, एकही प्रेक्षक समोर नसताना करावा लागतो आणि तेवढी मोकळी जागा सिनेमात आधीच ठेवावी लागते. बरं, ती मोकळी ठेवली आणि लोक हसलेच नाहीत तर पडद्यावर नट एकमेकांकडे बघत नुसते उभे, त्यासारखं केविलवाणं दुसरं काही नाही.

हा प्रश्न बिली वाइल्डर नावाच्या माणसाने कसा सोडवला ते सांगतो, कारण कॉमेडी लिहिणं आणि दिग्दर्शित करणं म्हणजे नक्की काय हे मला त्याच्या सिनेमांवरून जितकं कळलं तितकं कशावरूनच नाही.

१९५९चा 'सम लाइक इट हॉट'. जो आणि जेरी हे दोन वादक गुंडांपासून जीव वाचवायला बायकांचे कपडे घालून बायकांच्या बँडमध्ये घुसलेत. जेरीचं काम जॅक लेमनने केलंय. त्याच्या 'डॅफ्नी' या बाईरूपावर ऑस्गुड नावाचा म्हातारा करोडपती लट्टू झालाय, दोघं रात्रभर टँगो नाचतात, आणि पहाटे जो हॉटेलच्या खोलीत येतो तर जेरी पलंगावर लोळत हातात खुळखुळे घेऊन गुणगुणतोय. म्हणतो, माझं लग्न ठरलं. जो विचारतो, अरे वा, मुलगी कोण? जेरी म्हणतो, मीच. पुढे वाक्यावर वाक्यं आहेत आणि प्रत्येक वाक्यावर थिएटर कोसळणार हे वाइल्डरला दिसत होतं. म्हणून त्याने लेमनच्या हातात ते खुळखुळे दिले आणि सांगितलं, एक वाक्य बोल, मग वाजव, थोडा नाच, मग पुढचं बोल. लेमनला तेव्हा ते विचित्रच वाटलं होतं, सीनची लय तुटेल असं वाटलं होतं. सिनेमा प्रेक्षकांबरोबर बघितला तेव्हा त्याला कळलं, खुळखुळे वाजतायत तेवढा वेळ लोक हसून घेतायत आणि एकही वाक्य बुडत नाहीये.

आता यातली खरी हुशारी बघा. समजा कोणी एकटाच घरी बसून हा सीन बघतोय आणि हसत नाहीये. तरी तो सीन रिकामा वाटत नाही, कारण खुळखुळे वाजवणारा, लग्न ठरल्याच्या आनंदात तरंगणारा जेरी बघायलाच मजा येते आणि आपण पुरुष आहोत हे तो विसरलाय हेसुद्धा त्या वाजवण्यातूनच कळतं. मोकळी जागा ठेवली पण ती मोकळी दिसू दिली नाही. पटकथेच्या कागदावर ही गोष्ट एका ओळीची, पण ती सुचायला लिहिणाऱ्याला कागदावर बसून पुढचा हशा ऐकू यावा लागतो. ज्याला टायमिंग म्हणतात ते नटाचंच असतं असं आपण धरून चालतो, त्यातलं बरंचसं लेखक आणि दिग्दर्शकाने आधीच बांधून दिलेलं असतं.

वाइल्डर मुळात पत्रकार. जन्म १९०६चा, आजच्या पोलंडमधल्या आणि तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या एका छोट्या गावात. आधी व्हिएन्नात, मग बर्लिनमध्ये वर्तमानपत्रांसाठी लिहायचा, तिथेच सिनेमे लिहायला लागला. ज्यू होता, १९३३ला हिटलर सत्तेवर आला तसा पॅरिसला गेला आणि तिथून १९३४ला अमेरिकेत. इंग्रजी फारसं येत नव्हतं. आई मागे राहिली आणि नाझींच्या हत्याकांडात गेली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण त्याच्या कॉमेड्या नीट बघितल्या तर तळाशी कायम काहीतरी खरोखरचं भीतीदायक किंवा दुःखाचं असतं, आणि वरचं हसू त्यावर उभं असतं.

भाषा आपली नाही म्हणून तो जोडीदार घेऊन लिहायचा. १९३६पासून १९५०पर्यंत चार्ल्स ब्रॅकेट, आणि नंतर आय. ए. एल. डायमंड, ज्याच्याबरोबर 'सम लाइक इट हॉट' आणि 'द अपार्टमेंट' लिहिले. वाइल्डर हातात छडी घेऊन खोलीत येरझारा घालणार आणि डायमंड टाइपरायटरसमोर बसलेला. कॉमेडी दोघांनी लिहायचा एक साधा फायदा असा की समोर कायम एक प्रेक्षक हजर असतो. आपल्याला भारी वाटलेलं वाक्य समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीच हलवत नसेल तर ते तिथेच संपलं.

पण लिहिणारा दिग्दर्शक का झाला, ती गोष्ट झुरळाची आहे आणि मला ती फार आवडते. १९४१ला ब्रॅकेट आणि वाइल्डरने 'होल्ड बॅक द डॉन' लिहिला, दिग्दर्शक दुसरा होता, मिचेल लायसन. त्यात युरोपातून आलेला एक माणूस अमेरिकेच्या व्हिसासाठी मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिकार हॉटेलात अडकून पडलाय. वाइल्डर स्वतः अशाच व्हिसासाठी मेक्सिकोच्या मेक्सिकाली गावात जाऊन आला होता, म्हणजे हे त्याच्या अंगावरून गेलेलं. त्याने सीन असा लिहिला की माणूस पलंगावर पडलाय, भिंतीवरून झुरळ चाललंय, हा काठीने त्याला अडवतो आणि सीमेवरच्या अधिकाऱ्याच्या आवाजात विचारतो, कुठे निघालास, व्हिसा आहे का? बस, एवढंच. पण त्या माणसाचं काय झालंय हे यापेक्षा कमी शब्दांत कोण सांगेल? हसू पण येतं आणि घशात काहीतरी अडकतंही. नट होता शार्ल बॉयर, मोठा स्टार. तो म्हणाला मी झुरळाशी बोलणार नाही, झुरळ काही उत्तर देत नाही. आणि दिग्दर्शकाने सीन काढून टाकला. वाइल्डर एवढा भडकला की बॉयरच्या वाट्याची राहिलेली वाक्यंच त्याने कमी करत नेली, आणि मनाशी ठरवलं की आपलं लिहिलेलं वाचवायचं तर दिग्दर्शन आपणच करायचं. पुढच्याच वर्षी, १९४२ला, हॉलिवूडमधला त्याचा पहिला दिग्दर्शित सिनेमा आला, 'द मेजर अँड द मायनर'. त्यात पूर्ण तिकिटाचे पैसे नाहीत म्हणून एक तरुण बाई बारा वर्षांची मुलगी बनून रेल्वेत बसते. सोंग घेऊन अडकलेली माणसं, हा त्याचा विषय तेव्हापासूनचा.

आता पटकथेकडे या, कारण खरी मेहनत तिथे असते. लोकांना वाटतं कॉमेडी लिहिणं म्हणजे पंच सुचणं. मला तर वाटतं पंच सगळ्यात शेवटी येतात. आधी लागतं ते कारण. कशासाठी ही माणसं एवढा मूर्खपणा करतायत आणि तो सोडून का देत नाहीत? पुरुषाने साडी नेसली, लोक दोन मिनिटं हसतील, तिसऱ्या मिनिटाला मनात येणार, अरे बदल ना कपडे, कोणी अडवलंय? त्या प्रश्नाला पक्कं उत्तर नसेल तर पुढचे दोन तास नटाने कितीही हातवारे केले तरी उपयोग नाही.

'सम लाइक इट हॉट' ही मूळ वाइल्डरची कल्पना नव्हतीच. १९३५चा एक फ्रेंच सिनेमा होता, त्यावरून १९५१ला जर्मन सिनेमा निघाला, त्यात वादक काम मिळावं म्हणून वेगवेगळी सोंगं घेतात आणि त्यातलं एक बायकांचं. वाइल्डर आणि डायमंडला कळलं की पोटासाठी घेतलेलं सोंग कमी पडतं, उद्या दुसरं काम मिळालं की सोंग संपलं. म्हणून त्यांनी जिवावर आणलं. १९२९ला शिकागोत व्हॅलेंटाइन डेच्या दिवशी टोळीयुद्धात सात माणसं भिंतीला उभी करून गोळ्या घालून मारली होती, ही खरी घटना. यांच्या गोष्टीतले दोघे वादक चुकून असंच हत्याकांड बघतात आणि गुंड त्यांना बघतात. आता कपडे काढले तर मरण. झालं, सोंगाला कुलूप लागलं.

आणि ते किती नीट पेरलंय बघा. हत्याकांडाच्या आधीच एका एजंटच्या ऑफिसात यांना कळलेलं असतं की फ्लोरिडाला जाणाऱ्या बँडला एक सॅक्सोफोन आणि एक डबल बास वाजवणारा हवाय, पण फक्त बायका चालतील. जेरी तेव्हाच म्हणतो, चल बायका बनू, आणि जो त्याला वेड्यात काढतो. म्हणजे कल्पना प्रेक्षकांसमोर ठेवली आणि फेटाळून पण दाखवली. मग गोळ्या सुटतात, आणि तोच जो बाईचा आवाज काढून त्या एजंटला फोन लावतो. ज्याने नाही म्हटलं होतं त्यालाच हो म्हणावं लागतं. लेखकाने ढकललं असं कुठे वाटत नाही, परिस्थितीने ढकललं असं वाटतं.

मोठा निर्माता डेव्हिड सेल्झनिक याने वाइल्डरला सांगितलं होतं की मशीनगनचे खून आणि कॉमेडी एकत्र जमणार नाही. नियम म्हणून बोलणं त्याचं बरोबरही असेल. पण इथे ते रक्त खरं आहे म्हणूनच पुढची उंच टाचांची चाल हसवते. गुंड नुसते विदूषक असते तर आपल्याला त्या दोघांची काळजीच वाटली नसती, आणि ज्याची काळजी वाटत नाही त्याच्यावर आपण फार वेळ हसत नाही. काळ १९२९चा ठेवण्यात अजून एक व्यवहारी शहाणपण होतं ते डायमंडने सांगितलेलं आहे, त्या जुन्या फॅशनमध्ये सगळेच थोडे विचित्र दिसतात, मग बायकांच्या कपड्यातले दोन पुरुष तेवढे डोळ्यावर येत नाहीत.

आपल्याकडे हेच कुलूप घराचं आहे. 'अशी ही बनवाबनवी' १९८८चा, दिग्दर्शन सचिन पिळगावकरांचं, लेखन वसंत सबनीसांचं, आणि कथा हृषिकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान' या हिंदी सिनेमावरून घेतलेली. पुण्यात राहायला जागा नाही आणि मिळतेय ती फक्त जोडप्यांना. इथे कोणी गोळ्या घालणार नाहीये, पण भाड्याने खोली शोधलेल्या माणसाला विचारा, हे कारण किती पक्कं आहे ते. स्त्रीवेषाची गंमत आपल्याला काही नवीन नव्हती, 'मोरूची मावशी' तर होतीच, अत्र्यांनी ब्रँडन थॉमसच्या १८९२च्या इंग्रजी फार्सवरून केलेली. पण सिनेमात ती दोन-अडीच तास टिकवायची तर दारावर मालकीणबाई सतत उभी पाहिजे, आणि लीलाबाई काळभोर घरातच राहतात.

यापुढचं काम म्हणजे हिशोब. कोणाला काय माहितीये याचा. कॉमेडीची पटकथा लिहिताना एक तक्ता भिंतीवर लावला तरी चालेल, पात्रांची नावं एका बाजूला आणि गुपितं दुसऱ्या बाजूला, आणि प्रेक्षकाचं नाव सगळ्यात वर.

वाइल्डरच्या त्या सिनेमात मेरिलिन मन्रो 'शुगर' आहे, बँडमधली गायिका. रेल्वेच्या बाथरूममध्ये बर्फ फोडता फोडता ती 'जोसेफिन'ला, म्हणजे बाई बनलेल्या जोला, मन मोकळं करून सांगते की सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांनी तिला कायम फसवलंय आणि आता तिला एखादा श्रीमंत, मवाळ, चष्मेवाला माणूस हवाय, शेअर बाजाराचे बारीक आकडे वाचून डोळे गेलेला. तेव्हा ते नुसतं गप्पांसारखं येतं. फ्लोरिडाला पोचल्यावर समुद्रकिनाऱ्यावर एक चष्मेवाला श्रीमंत माणूस खुर्चीत पेपर वाचत बसलेला असतो, तो अर्थात जो. आता हिशोब मांडा. शुगरला जोसेफिन माहितीये, करोडपती माहितीये, पण दोघं एकच आणि वर तो सॅक्सोफोनवालाच हे माहीत नाही. जोला शुगरचं सगळं माहितीये, त्यामुळे ती आपण मोठ्या घरची आहोत असं सांगायला लागते तेव्हा ती खोटं बोलतेय हे त्याला कळतंय, आणि त्याला कळतंय हे आपल्याला कळतंय. सीनमधली वाक्यं तशी साधी, तिथे वेगळा जोक घालायची गरजच राहात नाही, कारण प्रत्येक वाक्याला दोन-तीन अर्थ आधीच चिकटलेत. पेरणी रेल्वेत झाली, पीक किनाऱ्यावर आलं. तसंच त्या डबल बासला शिकागोत गोळ्यांची भोकं पडतात आणि आपण ती विसरूनही जातो, पण शेवटी गुंडांना हे दोघं त्या भोकांवरूनच सापडतात.

आणि आपल्याकडचं याचं सगळ्यात सुंदर उदाहरण चारच शब्दांचं आहे. "हा माझा बायको पार्वती." धनंजय माने पार्वती बनलेल्या परशाची ओळख करून देतोय. वाक्यात विनोदी शब्द कुठला? एकही नाही. 'ही'चा 'हा' आणि 'माझी'चा 'माझा' झालाय, बस. पण मराठीत हे करता येतं म्हणून काय बहार आहे, अख्ख्या सिनेमाचं गुपित त्या एका 'हा'मध्ये बाहेर पडतंय. खरं पोटात आणि खोटं ओठावर, आणि व्याकरणाने पोटातलं ओठावर आणून ठेवलं. आपल्याला परशा दिसतो, मालकीणबाईला पार्वती दिसायला हवी, आणि ते वाक्य दोन्हीच्या मधे लोंबकळतंय, वर अशोक सराफ ते इतक्या सहज टाकतात की ते बोलणाऱ्याच्या लक्षातच आलेलं नाही असं वाटावं. ज्याला 'हा' आणि 'ही' मध्ये फरक न करणारी भाषा येते त्याला हे वाक्य समजावून सांगता येईल, हसवता येणार नाही. सबनीसांनी 'विच्छा माझी पुरी करा' लिहिलेलं, लोकनाट्यात मुरलेला लेखक, बोललेल्या मराठीत हशा कुठे दडलेला असतो हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. "धनंजय माने इथेच राहतात का?" हे वाक्य तर निव्वळ पत्त्याची चौकशी आहे! ते कोण विचारतंय, कोणाला विचारतंय यातच सगळं. म्हणून लोक नुसती वाक्यं पाठ करून तसाच सिनेमा करायला जातात तेव्हा तो जमत नाही, वाक्यं उचलता येतात, खालची बांधणी उचलून आणता येत नाही.

वाइल्डरचा गुरू होता अर्न्स्ट लुबिच. ब्रॅकेट आणि वाइल्डरने त्याच्यासाठी १९३९चा 'निनोच्का' लिहिला होता, आणि पुढे वाइल्डरच्या ऑफिसच्या भिंतीवर पाटी होती, हे लुबिचने कसं केलं असतं? लुबिचकडून शिकलेली एक गोष्ट तो कायम सांगायचा, प्रेक्षकाला दोन आणि दोन द्या, चार त्याला करू द्या, तो तुमच्यावर जन्मभर प्रेम करेल.

हे तो स्वतः कसं करायचा ते १९६०च्या 'द अपार्टमेंट'मध्ये बघा. बॅक्स्टर हा विमा कंपनीतला साधा कारकून आपला फ्लॅट वरिष्ठांना त्यांच्या भानगडींसाठी वापरायला देतो, बढतीच्या आशेने. फ्लॅटवर एकदा मेकपचा छोटा आरसा सापडतो, तडा गेलेला, तो साहेबांना परत देतो. ऑफिसात लिफ्ट चालवणारी फ्रॅन त्याला मनापासून आवडते. ख्रिसमसच्या पार्टीत तो नवीन हॅट घालून तिला दाखवतोय, कशी दिसते विचारतोय, ती बघायला म्हणून पर्समधून आरसा काढून देते. आरशाला तडा. त्यात त्याचा स्वतःचा चेहरा दोन तुकडे झालेला दिसतो. कोणी काही सांगितलं नाही, कोणी रडलं नाही, कुठे भांडण नाही, चार आपणच केले. आणि डोक्यावर ती नवीन हॅट तशीच आहे, हसवायला आणलेली. कॉमेडी लिहिणाऱ्याचं हे कौशल्य मला सगळ्यात वरचं वाटतं, की ज्या वस्तूने हसवलं तीच वस्तू हातात ठेवून काळीज हलवायचं. त्या सिनेमासाठी वाइल्डरला एकट्याला तीन ऑस्कर मिळाले, निर्माता, दिग्दर्शक आणि लेखक म्हणून.

सेटवरचं काम यामानाने रुक्ष वाटेल पण तिथेही सगळं हशाच्याच हिशोबाने चालतं. वाइल्डरकडे वाक्यं लिहिल्यासारखीच बोलावी लागत, शब्द इकडचा तिकडे केलेला चालत नसे. यात हट्ट नाही, विनोदी वाक्यात शेवटचा शब्द शेवटीच यावा लागतो, त्यामागे नटाने एक 'ना' किंवा 'म्हणजे' जोडला तरी हशा अर्धा होतो, आपल्या नाटकवाल्यांनाही हे माहितीये. मन्रोला वाक्यं आठवायची नाहीत, एक अगदी छोटं वाक्य बोलायचा सीन होता, ड्रॉवर उघडून दारूची बाटली कुठेय एवढं विचारायचं, त्याला चाळीसहून जास्त टेक लागले, ड्रॉवरच्या आत वाक्य लिहून चिकटवलं तरी. आणि तोवर बाकीचे दोघे उंच टाचांवर उभे. अशा वेळी दिग्दर्शकाला फार अवघड निवड करावी लागते, कारण पुरुष नट पहिल्या काही टेकमध्ये ताजे असतात आणि तिचा चांगला टेक खूप नंतर येतो. वाइल्डर तिच्या चांगल्या टेकची वाट बघायचा. पडद्यावर ती किती हलकी, किती नेमकी दिसते ते बघितलं की वाट बघण्याचं चीज झालं असंच म्हणावं लागतं.

तिला सिनेमा रंगीत हवा होता. पण रंगीत चाचणीत पुरुषांच्या जाड मेकपची छटा हिरवट दिसायला लागली, म्हणून तो ब्लॅक अँड व्हाइट झाला. 'द अपार्टमेंट'मधलं ते न संपणारं ऑफिस कला दिग्दर्शक अलेक्झांडर ट्रौनरने मागे मागे लहान होत जाणारी टेबलं मांडून आणि शेवटच्या रांगांत छोट्या चणीची माणसं आणि मुलं बसवून उभं केलं. बॅक्स्टर त्यात किती क्षुद्र आहे हे पहिल्याच दृश्यात कळतं, आणि तो फ्लॅटची चावी का देत असेल हेही.

एडिटिंगबद्दल एकच सांगतो. डोन हॅरिसन नावाचा अनुभवी एडिटर पहिल्या सिनेमापासून वाइल्डरच्या बाजूला सेटवरच असायचा, आणि वाइल्डर उगीच दहा कोनांतून चित्रण करत नसे. त्या खुळखुळ्यांच्या सीनमध्ये बोलणारा जेरी आणि ऐकून डोकं धरणारा जो, दोघं बराच वेळ एकाच फ्रेममध्ये आहेत. हशा बोलणाऱ्यावर सुरू होतो आणि ऐकणाऱ्यावर वाढतो. बोलणाऱ्याचा क्लोजअप, मग ऐकणाऱ्याचा क्लोजअप असं तोडत गेलात की प्रेक्षकाने कुठे बघायचं ते तुम्ही ठरवता, आणि दोन आणि दोनची बेरीजही तुम्हीच करून टाकता.

शेवटाबद्दल वाइल्डर म्हणायचा की तिसऱ्या अंकात अडचण आली तर खरी चूक पहिल्या अंकात शोधा. त्याच्या स्वतःच्या सगळ्यात गाजलेल्या शेवटाची गोष्ट हीच आहे. 'सम लाइक इट हॉट'चं शूटिंग चालू होतं आणि शेवटची पानं लिहून झाली नव्हती. सीन ठरला होता, मोटरबोटीत ऑस्गुड आणि डॅफ्नी पुढे बसलेत, आणि जेरीला आता लग्न मोडायचंय. तो एकेक कारण देतो, माझे केस खरे सोनेरी नाहीत, मी सिगारेट ओढते, मी एका सॅक्सोफोनवाल्याबरोबर राहात होते, मला मुलं होणार नाहीत, आणि ऑस्गुड प्रत्येकाला हसत माफ करत जातो. शेवटी जेरी विग खेचून काढतो आणि म्हणतो, अरे मी पुरुष आहे! यावर ऑस्गुडने काय म्हणायचं? डायमंडने सुचवलं, 'नोबडीज परफेक्ट'. दोषाशिवाय माणूस कुठे असतो, अशा अर्थाचं. दोघांनाही ते पुरेसं वाटलं नाही, सध्या हे ठेवू, शूटिंगपर्यंत चांगलं काहीतरी सुचेल असं ठरलं. सुचलं नाही, तेच शूट झालं, आणि सिनेमाच्या इतिहासात त्याच्याइतकं लक्षात राहिलेलं शेवटचं वाक्य शोधायला गेलं तर फार थोडी सापडतील.

ते का चाललं याचं उत्तर मला बऱ्याच वेळा सिनेमा बघितल्यावर सापडलं. ऑस्गुड पहिल्यांदा डॅफ्नीला भेटतो तेव्हाच आपलं सात-आठ वेळा लग्न झाल्याचं सांगतो, नक्की किती वेळा ते त्याची आई मोजते म्हणे. तेव्हा आपण त्यावर नुसतं हसतो आणि पुढे जातो. पण बोटीत विग निघतो तेव्हा समोर बसलेला माणूस तोच आहे, सात-आठ लग्नं करून आलेला, ज्याला आता कुठल्याच बायकोच्या कुठल्याच दोषाचं काही वाटत नाही.